वन्संसाठी केलेला अडसर

लग्न होऊन मी मुळशीच्या त्या घरी आले, तेव्हा तिथं कुलूप म्हणून नव्हतंच. ऐनाच्या फळ्यांचं दार, त्याला आतून-बाहेरून एकेक साखळी. शेतावर जाताना साखळी कोयंड्यात अडकवायची आणि एक काटकी खोचायची, एवढाच बंदोबस्त. तोही कुत्र्या-कोंबड्यांसाठी. माझे यजमान पुण्याला कारखान्यात होते, आठवड्यातून एकदा यायचे. एरवी घरात सासू, सासरे आणि मी.

भाताची झोडणी चालली होती. भर दुपारी माझी नणंद आली. मी त्यांना वन्सं म्हणायचे. हातात एक गाठोडं, एक डोळा सुजून मिटलेला. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, काही विचारलं नाही. खळ्यावरून उठले, गाठोडं घेतलं आणि आत नेऊन ठेवलं. सासूबाईंनी पाणी तापवलं. न्हाऊ घालताना त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं, पण वन्संची पाठ मला दिसायची ती दिसलीच होती.

दोन-तीन दिवसांनी दिवेलागणीला त्यांचा नवरा आला. प्यालेला होता. मी घाईनं साखळी लावली.

"उगडा! माजी बायकू हाय ती!"

दोन लाथांत कोयंडा चौकटीतून उपसून आला. तो थेट चुलीपाशी गेला आणि त्यानं वन्संची वेणी धरली. मामंजी आणि शेजारचे दोघं मिळून त्याला ओढत बाहेर काढेपर्यंत चुलीवरची भाकरी जळून गेली.

सकाळी मामंजी सुताराला घेऊन आले. नव्या गोठ्यासाठी जपलेला सागाचा वासा त्यांनी माळ्यावरून उतरवला. तो तासून दारामागं आडवा सरकवायचा अडसर केला, त्यासाठी दोन्हीकडच्या भिंतीत खोबणी पाडल्या. चौकट बदलली. लोहाराकडून खिडकीला गज करून घेतले. मागचं दार दगडमातीनं चिणलं. यजमानांनी पुण्याहून लोखंडी कडी आणि मोठं कुलूप आणलं.

सासूबाई वैतागल्या. "आवं, घर हाय का तुरुंग?"

"आसू दे तुरुंग," मामंजी म्हणाले. "पोरगी जित्ती तर ऱ्हाईल."

घर अंधारलं. चुलीचा धूर आतच कोंडायचा, पाण्याला जायचं तर घराला वळसा पडायचा. पण वन्सं जेवायला लागल्या. संध्याकाळी अडसर त्याच सरकवायच्या आणि तळव्यानं दाबून बघायच्या. एकदा माझ्या केसांना तेल लावताना कशावरून तरी खळखळून हसल्या. त्यांचं हसू मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

तो पुन्हा आला. लाथा मारल्या, दगड मारले. दार हललं नाही. वन्सं तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला नाही. शिव्या देऊन तो निघून गेला तेव्हा मामंजी म्हणाले, "आता काय बी करू दे त्याला." त्या दिवशी आम्ही सगळेच पोटभर जेवलो.

थंडी सरत आली असेल. एका सकाळी वन्संच्या सासरची चार वडीलधारी माणसं आली. धुतलेली धोतरं, डोक्यावर टोप्या. मागं तो, दाढी करून, मान खाली घालून. दिवसाचं दार उघडंच होतं. मामंजींनी पुढं होऊन घोंगडी अंथरली. मी चहा ठेवला.

त्यातला म्हातारा गोडीनं बोलत होता. "पोराचं चुकलं. आमी कबूल करतुया. पुन्यांदा हात न्हाई उचलनार. पन लेकीला अशी कोंडून किती दिस ठेवनार पावनं? लोक काय म्हंत्यात, कानावर येतंय न्हवं?"

मामंजी आत वळून म्हणाले, "काय गं बाय?"

"मी न्हाई जायाची, दादा."

वन्सं वडिलांना दादा म्हणायच्या. आवाज हळू होता, पण मी ऐकलं. सासूबाईंनी ऐकलं. मामंजींनीही ऐकलं. ते पाहुण्यांकडं वळले आणि म्हणाले, "च्या घ्या."

चहा झाल्यावर त्यांनी सासूबाईंना नुसती मान हलवून सांगितलं. सासूबाईंनी गाठोडं बांधलं. ओटी मला भरायला सांगितली. तांदूळ मी वन्संच्या पदरात घातले. मीही कुणाची तरी लेकच होते. माझं माहेर डोंगरापलीकडं होतं.

पुढं त्या येत राहिल्या. सकाळच्या एसटीनं यायच्या, संध्याकाळच्या गाडीनं परत. दोन मुलं झाली. पुढचे दात गेले, तोंडावर पदर धरून बोलायला लागल्या. दात कसे गेले ते आमच्या घरात कुणी विचारलं नाही. मामंजी दर वेळी म्हणायचे, "ऱ्हा की आजच्या दिस."

"न्हाई दादा. गाडी हाय."

मामंजी अंथरुणाला खिळले तेव्हाही त्या आल्या. त्यांना पेज भरवली. मामंजींनी त्यांचा हात धरला, ओठ हलले. "ऱ्हाऊ द्या," वन्सं म्हणाल्या. त्यांचं तोंड पुसलं, वाटी विसळून पालथी घातली आणि निघाल्या.

मी थांब्यापर्यंत सोबत गेले. गाडीला उशीर होता. आम्ही दोघी रस्त्याकडं बघत उभ्या होतो. गाडी आली, वन्सं चढल्या. मी घरी येऊन अडसर सरकवला.