दह्याचा हात

नव्वदीच्या दशकात मी सुरतेत घरोघर फिरायचे. अपुऱ्या दिवसांची जन्मलेली मुलं पुढे कशी वाढतात, याचा अभ्यास आमचे डॉक्टर करत होते. अशा मुलांना वर्षातून एकदा ठोकळे रचायला लावणं, हे माझं काम.

कोसाडच्या वसाहतीतली ती खानदेशी बाई दारातच माझी वाट बघत असायची. त्या वर्षी तिनं आपल्या चार वर्षांच्या मुलीला चप्प तेल लावून, घट्ट वेण्या घालून बसवलं होतं. मी पिशवी उघडताच तिनं पोरीच्या तळहातावर दही ठेवलं, जणू बोर्डाची परीक्षाच! पोरीनं ते चाटलं आणि त्याच हातानं भराभर मनोरा रचला. ठोकळे चिकटले. मनोरा पडेचना.

कोपऱ्यात लूमवरची रिकामी रिळं अगदी तशीच रचलेली दिसली.

"सराव करून घेतलात?" मी वैतागले. "अहो, मुलगी आहे तशी बघायची असते."

बाई पदर खोचत हसली.

"ताई, एकदा ही तयारीबिगर आली, सातव्याच महिन्यात. काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. आता तयारी केल्याबिगर मी हिले कुठंच धाडणार नाही."

मी ठोकळे धुऊन पुन्हा दिले. मनोरा पुन्हा उभा राहिला, या वेळी दह्याशिवाय.

मी निघाले, तर बाईनं अडवलं.

"अजून घरं बाकी आहेत का?"

"आहेत ना, दोन."

"मग हात करा पुढं," ती म्हणाली आणि आत दही आणायला गेली.