मांजर मरून राहिली

शिवणयंत्रावरचं रीळ आपोआप फिरताना दिसलं तेव्हा आधी वाटलं, सासूबाई काम करताहेत. त्या तर माझ्या शेजारी भाजी निवडत होत्या. यंत्राखाली आमची मांजर बसली होती, निळ्या दोऱ्याचं टोक तिच्या तोंडात होतं आणि शेवया ओढाव्यात तसा ती दोरा गिळत होती.

अशा वेळी मी कामं वाटून देते. मी मांजर धरली, सासूबाईंनी रीळ, आणि सासऱ्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर नुकतेच पुण्याहून अमरावतीत आलेले. फोन स्पीकरवर होता.

"डॉक्टरसाहेब, मांजर मरून राहिली!"

"अरेरे. वाईट झालं. आता खड्डा खोल घ्या आणि वरून मीठ टाका."

"आँ? मीठ कावून?"

"कुत्री उकरतात म्हणून."

"पण ते दोरा गिळून राहिली ना!"

"हो, त्यानंच गेली असेल."

मी फोन ओढून घेतला. "डॉक्टर, मरून राहिली म्हणजे मरते आहे. अजून जिवंत आहे. दोरा अजून आत जातोय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "सुई होती का दोऱ्याला?"

सासूबाईंनी पदर चाचपला. सुई तिथेच टोचलेली होती.

"दोरा अजिबात ओढू नका. लगेच घेऊन या."

टोपलीत मांजर, टोपली सासूबाईंच्या मांडीवर, त्यांच्या हातात रीळ, आणि स्कूटी मी चालवत होते. सिग्नलला शेजारच्या मोटरसायकलवाल्यानं टोपलीतून निघालेला दोरा पाहिला.

"मावशी, पतंग उडवून राहिल्या का?"

"हो बाप्पा. पतंग आत हाय."

डॉक्टरांनी आधी दोऱ्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "कापला का नाही?"

"ओढू नका म्हणालात. कापा म्हणाला नाहीत."

त्यांनी कात्री घेतली. जिभेखाली दोरा अडकलेला नव्हता, एवढं बरं झालं. पण बराचसा पोटात गेला होता. "दोन दिवस वाट पाहू. शीतून बाहेर आला तर सुटलात. उलट्या सुरू झाल्या तर पोट उघडावं लागेल. आणि मागून दिसला तरी ओढायचा नाही, आतडं कापलं जातं." मांजर म्हातारी होती. भूल तिला झेपेलच असं नाही, हेही त्यांनी हळूच सांगितलं. परतताना सासूबाईंनी टोपली दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

घरी आलो तर मागच्या अंगणात सासरे गुडघाभर खड्ड्यात उभे. काठावर खड्या मिठाची पिशवी.

सासूबाई कडाडल्या. "कोनाचा हाय हा? मांजरीचा का तुमचा?"

"डॉक्टरनं सांगतलं ना. खोल घ्या म्हने."

"जित्ती हाय ते!"

"मंग तयारी असू दे."

शेतकरी माणूस. बैल गेला की काय करायचं ते त्यांना पाठ होतं, आणि डॉक्टरचा शब्द त्यांनी जन्मात मोडलेला नव्हता. खड्डा बुजवा म्हटलं तर, "तिचं पक्कं कळू दे," म्हणाले.

पहिला दिवस कोरडा गेला. रेतीचा ट्रे तसाच. दुसऱ्या दिवशी सकाळी मांजरीनं दूध हुंगून सोडलं. सासूबाईंनीही चहा घेतला नाही. मी दवाखान्यात न्यायची टोपली काढून ठेवली.

दुपारी मांजर उठली, अंगणात गेली, काठावर थांबून ताज्या भुसभुशीत मातीचा वास घेतला आणि खड्ड्यात उतरली. आम्ही तिघं वर वाकून उभे. तिनं एकदा आमच्याकडे बघितलं, मग पाठ फिरवली.

"आला! निळा हाय!" सासूबाई ओरडल्या आणि खाली वाकल्या.

"हात लावू नका!" मी त्यांना मागे धरलं.

बराच वेळ गेला. सगळा गुंता आपसूक बाहेर पडला. मांजरीनं पुढच्या पायांनी माती लोटून तो व्यवस्थित झाकला आणि उडी मारून वर आली. उरलेला खड्डा सासऱ्यांनी फावड्यानं बुजवला.