बिनफोडणीचे साडू

कडधान्याचा इतका शांतपणे, इतका पद्धतशीर आणि वर इतक्या प्रेमाने अपमान करणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि तो नेमका माझा साडू निघावा याला नशीबच म्हणतात. आमचे हे साडू, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीचे यजमान, भिंगारला राहतात. लष्कराच्या स्टोअरमध्ये सिव्हिलियन कारकून म्हणून हयात काढली. माणूस सज्जन. कुणाचं वाईट चिंतणार नाही, कुणाच्या लग्नाला उशिरा जाणार नाही. पण गेली दोन-अडीच वर्षं हा माणूस राहत्या घरात ऑस्ट्रियन पद्धतीचं घेवड्याचं सॅलड करतो आहे. ते कसं करतात ते ऐका. रात्रभर भिजवलेला राजमा मऊ शिजवायचा. इथपर्यंत मी त्यांच्या बाजूचा आहे. यापुढे शहाणा माणूस काय करील? लसूण ठेचील, कांदा-खोबरं भाजील, काळ्या मसाल्याचा डबा काढील. हे गृहस्थ तो राजमा चाळणीत निथळतात आणि गार होऊ देतात. मुद्दाम गार. त्यावर कच्च्या कांद्याच्या चकत्या, व्हिनेगर, मीठ, मिरपूड आणि भोपळ्याच्या बियांचं गर्द हिरवं तेल. झालं. ते तेलही तापवायचं नाही. मोहरी नाही, हिंग नाही, कढीपत्त्याचं एक पान नाही. अहो, आमच्याकडे काकडीच्या कोशिंबिरीलासुद्धा फोडणी असते. राजम्याने यांचं काय घोडं मारलं होतं?

हे खूळ त्यांनी आणलं विहीणबाईंकडून. साडूंची एकुलती एक मुलगी शिकायला ऑस्ट्रियात ग्राझ नावाच्या गावी गेली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करून मोकळी झाली. घरी कळवलं ते लग्नानंतर. साडूंनी आरडाओरडा केला नाही, त्यांचा तो स्वभाव नाही. त्यांनी तिच्याशी फोनवर बोलणं बंद केलं. काही वर्षं अशीच गेली. मग तिला मुलगा झाला, तेव्हा माझ्या मेव्हणीने, म्हणजे ताईंनी, तिकिटं काढायला लावून साडूंना अक्षरशः विमानात कोंबलं. मुलीचं घर चौथ्या मजल्यावर आणि साडूंचे गुडघे अधू. तेव्हा ताई वर बाळंतिणीपाशी स्वयंपाक करीत राहिल्या आणि साडू उतरले विहीणबाईंच्या बैठ्या घरात. त्या बाईंना मराठी येत नाही, इंग्रजी बेताचं. साडूंचं इंग्रजी स्टोअरमधलं, त्यात माणसांशी बोलायचे शब्द कमी आणि नटबोल्टांचे जास्त. बोलणं खुंटलं. शेवटी बाईंनी घेवड्याच्या दाण्यांचं भांडं त्यांच्यापुढे सरकवलं. स्वतःच्या घरात पाण्याचा पेला हाताने न घेणारे साडू परक्या स्वयंपाकघरात दाणे निवडत बसले, आणि परतले ते हे सॅलड शिकून. एकदा मला म्हणाले, "साडूभाऊ, इतके दिवस का आला नाहीत म्हणून त्या बाईंनी मला एका शब्दानं विचारलं नाही." मी म्हटलं, ते ठीक, पण त्याची शिक्षा आम्हाला का?

तिथले ते जांभळ्या ठिपक्यांचे टपोरे दाणे त्यांनी मोज्यात घालून आणले आणि कुंपणाशी लावले. वेल अशी फोफावली की शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीवर चढली. लालभडक फुलं आली. शेंग मात्र एक धरेना. थंड मुलखातल्या वेलीने नगरच्या उन्हात काय दिवे लावायचे? साडू तिला ओल्या गोणपाटाची सावली करायचे, तिच्याशी बोलायचे. शेवटी शेजारीण म्हणाली, "काका, फुलं देवाला न्हेऊ का? तुमाला शेंगा काय मिळंनात." फुलं देवाला गेली आणि साडू राजम्यावर आले. तोही दाणा न् दाणा निवडून घेणार. सुरकुतलेला बाजूला, फुटका बाजूला, रंगाने फिका असेल तो हातावर धरून उजेडात बघणार. भिंगारच्या बाजारातला एक दुकानदार साडू दिसले की राजम्याचं पोतं आत ओढून घेतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तेलाची कथा तर सांगायचीसुद्धा मला लाज वाटते. भोपळ्याच्या बिया कुठे मिळतील, तर जिथे पंगतीला भोपळ्याची भाजी असते तिथे. म्हणून साडू कुणाच्याही लग्नाला गेले की वधूवरांच्या आधी मागच्या दाराने आचाऱ्याला भेटून येत. जरीची टोपी घातलेला, हातात आहेराचं पाकीट घेतलेला हा माणूस खरकट्याच्या टोपलीशेजारी वाकून बिया वेचतो आहे आणि मी पिशवी धरून उभा आहे, असं दृश्य माझ्या सासुरवाडीच्या किती लोकांनी पाहिलं असेल देव जाणे. त्या बिया धुऊन, वाळवून त्यांनी लाकडी घाण्यावर नेल्या. घाणेवाल्याने पिशवी तळहातावर झेलून पाहिली. म्हणाला, "काका, एवढ्याशा बियांत माझा घाना ओला बी व्हायचा न्हाई. जे काय निघंल ते लाकूडच पिऊन टाकंल." साडू आणखी सहा महिने लग्नं हिंडले. शेवटी तेल निघालं, पण त्याला आधी गाळलेल्या शेंगदाण्याचा वास. साडूंनी बाटली हुंगली आणि खिन्न होऊन म्हणाले, "विहीणबाईंच्या तेलाला असा येत नाही."

आणि प्रत्येक नवा घाणेरडा प्रयोग चाखायला कोण, तर मी. फोन यायचा, "या, चव घ्या, आणि खरं सांगा." मी खरं सांगायचो, की याला फोडणी हवी. ते माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहायचे. "साडूभाऊ, फोडणी घातली की सगळं आपल्यासारखंच लागतं." मग बिघडलं काय, असं मी विचारलं की विषय बदलायचे. ताईंचा राग माझ्याहून खोल होता. आमच्यात घरातलं माणूस गेलं की सुतकाचे दिवस स्वयंपाकाला फोडणी देत नाहीत. तेलात मोहरी तडतडली की समजायचं, घर पुन्हा चालू झालं. "बाकीचे दहा दिवस पाळतात," ताई म्हणायच्या, "आमचे हे बारा महिने पाळतायत."

यंदा धोंड्याचा महिना आला, आणि मुलीने कळवलं की नवऱ्याला आणि पोराला घेऊन येतोय. जावई पहिल्यांदाच या घरात येणार. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, कपडे करायचे, हा आपला रिवाज. ताईंनी पुरणाचा घाट घातला. साडूंनी त्याच पंगतीला सॅलड जाहीर केलं. मी आता मात्र चिडून बोललो, की निदान त्या बिचाऱ्याला तरी सोडा. तेव्हा ते पहिल्यांदा सरळ बोलले. "त्या मुलाला मी एवढी वर्षं दाराबाहेर ठेवला. आता आलाय तर त्याच्या ताटात एक तरी घास असा पाहिजे, की त्याला वाटावं, आपण आपल्या घरी जेवतोय. पुरण त्याला पाहुणा म्हणूनच खायचंय." त्यांचं म्हणणं मला पटलं, आणि हे मला अजिबात आवडलं नाही.

जेवणाच्या दिवशी साडूंनी पहाटेच राजमा शिजवून, गार करून, कांदा-तेल घालून ओट्यावर झाकून ठेवला आणि आंघोळीला गेले. कांदा असल्यामुळे नैवेद्यात त्याला जागा नव्हती, तो थेट जावयाच्या ताटात जायचा होता. ताईंनी झाकण काढून पाहिलं. "जावयाचं या घरातलं पहिलं ताट," त्या मला म्हणाल्या, "आणि त्यात मी सुतकाचं वाढू?" त्यांनी पळीत तेल तापवलं, मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता घातला आणि चर्र करून सगळं त्या सॅलडवर ओतलं. मी दारातच उभा होतो. अडवण्याचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

ताटं मांडली. साडूंची नजर सॅलडवर गेली, त्यात मोहरी दिसली, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की माझा सगळा आनंद तिथेच विरला. जावयाने एक घास घेतला, थांबला, दुसरा घेतला, आणि त्याच्या भाषेत बायकोला काहीतरी म्हणाला. तिने मान खाली घातली.

"काय म्हणतोय?" साडूंनी विचारलं. "बिघडलंय ना? स्पष्ट सांग."

"तो विचारतोय, आपल्या घरी करतात तसं बाबांना कसं कळलं," ती म्हणाली. "मी असंच करते, बाबा. त्याच्या आईंनी शिकवलं तसं, आणि वर फोडणी. त्यांना अजून सांगितलेलं नाही. पहिल्या हिवाळ्यात दुपारीच अंधार पडायचा. घरी फोन लावायचे, तर तुम्ही बोलायचा नाहीत. मग मोहरी टाकायचे. घरभर वास सुटला की जरा बरं वाटायचं."

ताईंच्या हातातला धोंडा तसाच राहिला. साडू ताटाकडे बघत होते. नजर न उचलता म्हणाले, "तुझी आई फोन स्पीकरवर ठेवायची. मी पलीकडच्या खोलीत बसून सगळं ऐकायचो."

"माहीत होतं," मुलगी म्हणाली. "तुमचा खोकला ऐकू यायचा. तो येईपर्यंत मी फोन ठेवायचे नाही."

जावयाला यातलं काही कळलं नाही. त्याने ताट पुढे केलं, आणि साडूंनी मोहरीसकट त्याला वाढलं.