ताईचा ग्रह आणि अण्णांनी झाकलेली सुकेळी

आधीच सांगतो — असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. वसईच्या बाजारात मी अंगारेधुपारेवाल्यांविरुद्ध पत्रकं वाटतो, शिव्या खातो, परत वाटतो. तरी हे लिहितोय, कारण लपवणं हासुद्धा खोटेपणाच.

आम्ही वसईजवळच्या निर्मळचे, घरची केळीची वाडी. माझी ताई एका दूरच्या ग्रहाच्या हवेतले वायू मोजते. बरेच वायू डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशातला आपापला भाग गिळतात; प्रकाशात पडलेल्या खाचांवरून वायू ओळखायचा. वाडीतली पोरगी हे करते, लक्षात ठेवा! घोळ एकच... आपल्या हवेतली वाफही तशाच खाचा पाडते. ती वजा करावी लागते.

ताईला मिथेन सापडला होता. पण परदेशातल्या डोंगरावरच्या दुर्बिणीनं घेतलेल्या चार रात्रींच्या मोजमापांपैकी तिसऱ्या रात्रीचं बाकीच्यांशी जुळेना. तिच्या पीएचडीच्या गाईडनी बजावलं — आठवड्यात कारण दाखव, नाहीतर दावा मागे घे. चार वर्षांची मेहनत! ती घरी आली, धड जेवेनासुद्धा.

आमचे वडील, अण्णा, वाडीत सोललेली केळी उन्हात वाळवून सुकेळी करतात आणि रोज कॅलेंडरवर हवा लिहितात. दुपारी ताटावर बसलेली ताई एकदम कॅलेंडरकडे बघत राहिली. ‘हवा ओली. सुकेळी झाकली.’

"ही माझ्या तिसऱ्या रात्रीची तारीख!"

तो दिवस मला पक्का आठवतो. कडकडीत ऊन. शेजारचे दामूकाका हसले होते, "अण्णा, ऊन डोक्यात गेलं काय?" अण्णा मला म्हणाले, "मला ओल लागतेय. तू झाक गप."

"योगायोग," मी ताईला म्हटलं. तिनं तरी त्या रात्रीच्या नोंदी उघडल्या. डोंगरावरच्या आर्द्रतामापकाचा आकडा रात्रभर तोच, जरासुद्धा हललेला नाही. तिनं तिथं विचारलं. उत्तर आलं — यंत्र गोठून अडकलं होतं, प्रत्यक्षात हवा दमट होती. ताईनं वाफेचा हिशेब नव्यानं केला. चारही रात्री जुळल्या. मिथेनची खाच जिथल्या तिथे! गाईडनी दावा मान्य केला.

दामूकाका धावत आले. "अण्णांच्या अंगात काहीतरी आहे रे, नारळ फोडा!"

मी भडकलो. "काका, मान मोडून काम केलं ताईनं, आणि नारळ कॅलेंडरला?"

पण खरं सांगतो... मी वर्षभराची पानं चाळली. कडक उन्हाच्या दिवशी ‘ओली’ लिहिलेलं तेवढं एकदाच. अण्णांना विचारलं, तर म्हणाले, "ओल होती. कुठली, ते मला काय ठाऊक?" मलाही ठाऊक नाही. आजही नाही.

मग अण्णांनी ताईला विचारलं, "बाय, तुझ्या त्या ग्रहावर सुकेळी वाळतील काय गं?"

ताई कितीतरी दिवसांनी हसली. "ते अजून मोजायचंय, अण्णा."