कोरडे कपाळ

माझी धाकटी जाऊ लाँड्रीत इस्त्रीचे काम करीत असे. मीही त्याच खोलीत, तिच्या शेजारच्या टेबलावर काम करीत असे. मी जे प्रत्यक्ष पाहिले तेवढेच येथे लिहीत आहे, कारण अशा खोल्या पुष्कळ आहेत आणि त्यांत उभ्या राहणाऱ्या बायकाही पुष्कळ आहेत.

खोलीला पत्र्याचे छत होते. रस्त्यावरची धूळ धुतलेल्या कपड्यांवर बसते, म्हणून खिडकी बंद ठेवावी लागे. पंखा लावला की घड्या उडत, म्हणून तो नुसताच टांगलेला होता. आमच्याकडे दवाखान्याचे पांढरे कोट येत. कपाळावरचा घाम कोटावर पडला आणि त्यावरून इस्त्री फिरली, की पिवळा डाग उमटे व कोट पुन्हा धुवावा लागे. असे डाग आम्हा सर्वांकडून पडत. धाकटीकडून कधी पडला नाही. धुलाईच्या हौदावर काम करणारे मामा तिला कौतुकाने ‘कोरडी’ म्हणत.

त्यामागची युक्ती तिने मला एकदा सांगितली.

“जाऊबाई, कामावर असताना पाणी प्यायचंच नाही. पोटातच नसेल तर कपाळावर कुठून येणार?”

“अगं, तू माणूस आहेस की रुमाल?”

“रुमालच बरा. त्याला संडासला जावं लागत नाही.”

आम्ही हसलो, परंतु त्यात तथ्य होते. बायकांचा संडास मागच्या गल्लीच्या टोकाला होता आणि त्याच्या दाराला कडी नव्हती.

पूर्वी हे तिच्या अंगाला खपून जात असे. संध्याकाळी हवा निवत असे, ती घरी जाऊन तांब्याभर पाणी पीत असे आणि सकाळी पुन्हा ताजीतवानी होऊन येत असे. पुढे उन्हाळे बदलले. ते लवकर येऊ लागले आणि जाता जाईनात. रात्रीसुद्धा भिंती गरम राहत, त्यामुळे शरीराला विसावाच मिळेना. धाकटीच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. लघवी थोडी आणि गडद होऊ लागली. मी विचारले, की ती म्हणे, “वय झालं, दुसरं काय.”

एका दुपारी आम्ही सर्व जणी घामाने निथळत होतो. धाकटीचे कपाळ मात्र कोरडे ठणठणीत होते. मामा म्हणाले, “बघा, याला म्हणतात कारागीर. एसीत बसल्यासारखी दिसतेय.”

घाम थांबला म्हणजे अंग निवले, असाच आम्हा सर्वांचा समज होता.

ती हसली नाही. तिने घातलेली घडी मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “आई, हा कोट कुणाचा?” तिची आई कधीच वारली होती. मी तिचा हात धरला, तर तो भाजत होता. मी तिच्या हातातून इस्त्री काढून घेतली, तोच ती खाली कोसळली.

मामांनी हौदातल्या ओल्या चादरी आणून तिच्या अंगावर टाकल्या. मी पुठ्ठ्याने वारा घालत राहिले. मालकांनी गाडी बोलावली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “ओल्या चादरी टाकल्यात म्हणून आज वाचल्या. पण यांच्या किडन्या आधीच निकामी होत आल्या आहेत. किती वर्षांची तहान आहे ही? हवा तापत चालली आहे, आणि घाम हाच अंगाचा बचाव असतो. एवढ्या उष्णतेत तो आटला, तर समजायचं की जीव धोक्यात आहे.”

हे मी मालकांना जसेच्या तसे सांगितले. ते म्हणाले, “पाणी प्या की, मी कधी नको म्हणालो? पण डाग पडले तर?”

“पडू देत. परत धुवीन,” मामा म्हणाले. “आहे ना मी हौदावर.”

त्यानंतर खिडकी उघडली गेली व तिला ओला पडदा लागला. टेबलाशेजारी माठ आला. आम्ही कपाळाला पट्टी बांधू लागलो. काम पहाटे सुरू करून भर दुपारी बंद ठेवण्याचे ठरले. संडासाच्या दाराला कडीही बसली. मामांच्या तोंडून ते कौतुकाचे नाव मी पुन्हा ऐकले नाही.

धाकटीला या कशाचाच उपयोग नव्हता. तिचे रक्त यंत्रातून शुद्ध करावे लागे. ती नर्सबाईंना म्हणे, “धुवा बाई रक्त. इस्त्री तेवढी करू नका.” शरीरातले पाणी बाहेर पडत नव्हते, म्हणून तिला पाणी मोजूनच द्यायचे होते. बाहेर तसाच उन्हाळा होता. माझे दीर तिच्या उशाशी वाटी घेऊन बसत.

“अहो, अजून एक घोट.”

“डॉक्टरीणबाई मला रागावतील.”

“त्यांना सांगतंय कोण? जाऊबाई, तुम्ही काही पाहिलंत का?”

“मी काही पाहिलं नाही,” असे मी म्हणे, आणि दीर तरीही वाटी बाजूला ठेवत.

एका सकाळी डॉक्टरीणबाई तिला तपासून बाहेर आल्या आणि दिरांना हळू आवाजात म्हणाल्या, “आता त्या मागतील तेवढं पाणी द्या.”

दीर पेला काठोकाठ भरून घेऊन आले. तो घेऊन ते दारातच थोडा वेळ उभे राहिले.

“आज भरून?” धाकटीने विचारले.

“हो.”

“त्या हो म्हणाल्या?”

“म्हणाल्या.”

तिने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. तिने दोन घोट घेतले आणि पेला त्यांच्याकडे परत दिला.

“तुम्ही पण प्या,” ती म्हणाली. “सकाळपासून काही घेतलं नाहीत.”