वंदनाताईचा दोन तुकड्यांचा कीबोर्ड

साहेबांचा उजवा हात दुखून राहिला म्हणे.
बरं वाटलं. खोटं कायले बोलू?

आज वंदनाताईला जाऊन वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. गोंदियातल्या आमच्या डेटा एन्ट्री ऑफिसातली सगळ्यात जुनी ऑपरेटर म्हणजे वंदनाताई. गाव केशोरी. जुन्या फायली मराठीत टाइप करायचं काम, म्हणजे करंगळी दिवसभर शिफ्टच्या बटणावर. ताईची करंगळी सुन्न व्हायची, मग मनगटापर्यंत कळ जायची.

डॉक्टर म्हणाले, काम बदला.
ताई म्हणाली, "काम कायले बदलवू? कीबोर्ड बदलवून टाकू."

अन् खरंच बदलवला. आम्ही दोघींनी, व्हिडिओ पाहून पाहून. बटणांचे स्विच ऑनलाइन मागवले. जवळच्या नागरा गावच्या सुताराकडून प्लायवूड कापून आणलं. सोल्डरिंग करताना माझी ओढणी जळली.

एक तुकडा डाव्या हाताला, एक उजव्या. शिफ्ट अंगठ्याखाली, करंगळीला सुट्टी. मधल्या रिकाम्या जागेत ताई डबा ठेवायची अन् टाइप करता करता मुरमुरे खायची.

सुरुवातीला अंगठा सवयीनं स्पेस समजून शिफ्ट दाबायचा. एका फायलीत अख्ख्या गावाची नावं एकमेकांना चिकटली. ताई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली, मग बसून सगळी पुन्हा टाइप केली.

हात दुखायचा थांबला. खरंच थांबला.

मग वरून व्हिजिट येणार होती. साहेबांना सगळी टेबलं एकसारखी पाहिजे होती. "ये जुगाड टेबल पे अच्छा नहीं दिखता," म्हणाले अन् कीबोर्ड उचलून स्टोअरच्या कपाटात बंद केला.

पाहुणे आले, नाश्ता करून गेले. कीबोर्ड कपाटातच.

ताई दर सोमवारी मागायला जायची. साहेब मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायचे, देखते हैं.

पुन्हा साधा कीबोर्ड. शेवटी शेवटी तिची बोटं मिटत नव्हती. चमच्यानं भात खायची. म्हणायची, "हातानं खाल्ल्याबिगर पोट भरल्यासारखं वाटत नाही, पोरी."

ताई डेंग्यूनं गेली. तो आळ मी साहेबांवर घेणार नाही.
बाकी सगळ्याचा घेते.

शोकसभेला कपाट उघडलं. साहेबांनी कीबोर्डला हार घातला, तिच्या फोटोशेजारी ठेवला अन् भाषण दिलं. म्हणे हे आपल्या ऑफिसचं इनोव्हेशन, आपण काचेत जपून ठेवू.

माझं डोकंच सणकलं. उठले. हार काढला. दोन्ही तुकडे पिशवीत टाकले अन् सगळ्यांसमोर विचारलं, "जित्ती होती तेव्हा काऊन नाही दिला?"

पिशवी घेऊन सरळ घरी आले.
दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. ही पोस्ट त्याच कीबोर्डवर टाइप करून राहिले.

आता साहेबांचा निरोप आलाय. मनगटाला पट्टा लागलाय, रात्री झोप नाही. मला पण तसाच एक बनवून दे, म्हणतात. हात जोडून सांगितलंय म्हणे.

आज केशोरीला ताईच्या वर्षाचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. मी ताईच्या आईजवळ बसले अन् साहेबांचा निरोप सांगितला.

खरं सांगते, भीती वाटत होती. आई म्हणाली असती की जाऊ दे, देऊन टाक बनवून, तर मला द्यावा लागला असता. आईचा शब्द मी मोडू शकत नाही.

आईनं ताईच्या फोटोकडे पाहिलं.

मग म्हणाली, "नोको देऊ."

पाण्याचा गिलास खाली ठेवला.

"दुखू दे त्याचा हात."

साहेब, तुम्ही माझ्या पोस्ट वाचता, मला माहीत आहे. हे उत्तर तिच्या आईचं आहे.

ताई, तुला मनापासून आदरांजली. जय भीम.