वहिनीच्या हातचा कारल्याचा रस

माझी थोरली जाऊ महाल भागात राहायची आणि आम्ही प्रताप नगरात. ह्यांना डायबिटीस निघाला तेव्हा तिने जाहीर करून टाकलं, सकाळी अनशापोटी कारल्याचा रस घेतला की रोग मुळासकट जातो. कुणाचा गेला, हे तिला विचारायची सोय नव्हती. हे ऑफिसच्या आधी सायकल हाणत महालात जायचे आणि तो जहर कडू रस पेलाभर पिऊन यायचे. माझ्या हातची मेथीची भाजी मात्र ह्यांना कडू लागायची!

वेळेवर गोळ्या द्यायचे मी, ताटातला भात काढून घ्यायचे मी, बिनसाखरेच्या चहावरून बोलणी खायचे तीही मीच. त्या काळी घरी रक्त तपासायचं यंत्र कुठलं? रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. साखर जास्त असली की निळ्याचं विटकरी होई, थोडीच असली की हिरवं. हळूहळू रंग हिरव्यावर आला.

"पाह्य, वहिनीच्या हाताले गुण आहे वं!" हे म्हणाले.

माझ्या अंगाची आग आग झाली.

"दोन्ही संगच घेता, तं गुण कशाचा, कसं समजन?" मी म्हटलं. "काही दिवस रस सोडून पाहा."

"रस काहून सोडू? गोळ्याच सोडतो. मंग समजन!"

मी डॉक्टरांचा धाक घातला, भांडले, रडले. हे ऐकणार कुठले!

थोड्याच दिवसांत हे सारखं पाणी मागायला लागले. सायकलवर धाप लागायची, तरी महालात जाणं चुकवलं नाही. मी नळी दिव्यावर धरली तर रंग थेट विटेसारखा. खोटं कशाला बोलू, आधी मला बरंच वाटलं. जाऊ हरली होती. मग ह्यांचे खोल गेलेले डोळे दिसले आणि दिवा विझवून मी ह्यांना तडक डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर ह्यांना खूप बोलले. कारलं भाजी म्हणून खुशाल खा, पण गोळीची जागा त्याला देऊ नका, म्हणाले. घरी येऊन मी गोळी आणि पाणी पुढे केलं. ह्यांनी मुकाट गिळली. आता तरी माझ्यासाठी एखादा चांगला शब्द निघेल म्हणून मी तिथेच उभी राहिले.

"वहिनीले सांगू नको वं," हे म्हणाले, "तिले वाईट वाटन."

पेला उचलून मी आत गेले. मला कसं वाटलं, हे विचारायला हे काही मागे आले नाहीत.